टॅक्सीच्या कप्प्यात सापडलेल्या इंजेक्शनबाबत

जबाब देणार: टॅक्सीचालकाची मुलगी. वय २७ वर्षे. व्यवसाय: औषधांच्या शीतगृहात तंत्रज्ञ. राहणार: वडिलांच्याच घरी, वरचा मजला.

मी आज स्वतःहून ठाण्यात आले आहे. विचारलेल्या आणि न विचारलेल्या गोष्टींबद्दल मला जे माहीत आहे ते सांगते, ते असे:

१. सोमवारी दुपारी वडील एका बाईंना स्टेशनवर सोडायला निघाले होते.
२. पुलाच्या अलीकडे त्यांनी टॅक्सी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मीटर बंद केले आणि स्टिअरिंगवर मान टाकली.
३. बाईंनी पाण्याची बाटली शोधायला समोरचा कप्पा उघडला. त्यात इंजेक्शनचे पेन आणि सुया होत्या.
४. ड्रायव्हर नशेत आहे, असे बाईंनी फोन करून पोलिसांना कळवले.
५. वडिलांना इस्पितळात नेले. टॅक्सी, लायसन आणि पेन ठाण्यात जमा आहेत.

बाईंचे चुकले असे माझे म्हणणे नाही. ड्रायव्हर निपचित पडलेला आणि कप्प्यात सुया, म्हटल्यावर मीही तोच नंबर फिरवला असता. पण ते पेन नशेचे नाही, मधुमेहाचे आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

ते आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायचे असते. आपण जेवलो की आतड्यातून एक संप्रेरक निघते, त्याची ते नक्कल करते. रक्तातली साखर वाढली असेल तेव्हा इन्सुलिन सोडायला लावते. पोटातले अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते. पोट भरले, असे मेंदूला कळवते. त्यामुळे माणूस कमी जेवतो आणि वजन उतरते. त्याने झिंग येत नाही. मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होऊ शकते, विशेषतः मात्रा वाढवल्यावर. वडिलांची मात्रा गेल्या गुरुवारी वाढवली होती.

येथे हवालदारांनी लिहिणे थांबवून विचारले, "आमच्या मिसेस जाहिरात बघून मागे लागल्यात. तुमच्या शीतगृहातून एखादं पेन मिळेल का हो?"

मी नाही म्हणाले.

"आठवड्याला एकच तर सुई. त्यानं काय बिघडतंय?"

"साहेब, काय बिघडतं तेच तुम्ही मघापासून लिहून घेताय."

हे जबाबात घेऊ नये असे त्यांचे म्हणणे पडले. मी घ्यावे म्हणाले. कोणाला स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाचा त्रास असतो, कोणाला आधीची औषधे चालू असतात. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते कोणीही घेऊ नये.

पेन कप्प्यात का होते, याचा खुलासा. आईला सुई बघवत नाही. टोचून घेतात वडील आणि ओरडते ती. म्हणून वडिलांनी गुरुवारी दुकानातून पेन घेतले, स्टँडवरच टोचून घेतले आणि कप्प्यात ठेवून दिले. मी दिवसभर औषधांचे तापमान सांभाळते आणि माझ्या घरचे औषध चार दिवस उन्हात तापत होते. त्याबद्दल मी वडिलांना इस्पितळात जे बोलले, ते येथे लिहिण्याची गरज नाही. ते पेन आता वापरण्याजोगे नाही. तपासासाठी ठेवावे, आम्हाला परत नको.

रविवारी आई मावशीकडे गेली होती. सगळा स्वयंपाक मी केला. माझी ही पहिलीच वेळ होती. मासे तळले, ते बाहेरून करपले आणि आतून कच्चे राहिले. थोडे खा, तेलकट टाळा, पोट भरल्यासारखे वाटले की थांबा, असे डॉक्टरांनी वडिलांना सांगितले होते. मीही ताटावर बसताना त्याची आठवण दिली. वडील म्हणाले, "डॉक्टरला काय माहीत तुझ्या हाताची चव?" आणि पुन्हा वाढून घेतले. मी एक घास खाऊन ताट बाजूला ठेवले होते.

त्या संध्याकाळपासून त्यांना उलट्या होत होत्या. ते नळ सोडून ठेवत, म्हणून मला वर ऐकू आले नाही. सोमवारी ते पोटात पाण्याचा थेंब नसताना कामावर गेले. त्यांनी जायला नको होते, हे मी मान्य करते. इस्पितळाच्या कागदांत शरीरातले पाणी कमी होऊन रक्तदाब उतरला असे लिहिले आहे. दारू किंवा नशेचा अंश आढळला नाही. डॉक्टरांनी मात्रा पुन्हा कमी केली आहे.

शुद्धीवर आल्यावर वडिलांनी पहिल्यांदा विचारले, "बाईंची गाडी चुकली का गं?"

मी म्हणाले, "बाबा, आधी स्वतःचं बघा."

ते म्हणाले, "मासे चांगले झाले होते."

याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

माझी विनंती हँडब्रेक आणि मीटर यांच्याकडे लक्ष देण्याची आहे. नशेतल्या माणसाला शुद्ध हरपण्याआधी प्रवाशाचे मीटर बंद करायचे सुचत नाही. लायसनशिवाय वडील घरी बसून आहेत. स्टँडवरच्या मंडळींनी त्यांची जागा शनिवारपर्यंत राखली आहे, त्यापुढे ती दुसऱ्याला जाईल. आणखी एक. वडिलांना चौकशीला बोलावल्यास ते "माझंच चुकलं" म्हणतील. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरू नये. दारात पाय ठेचला तर ते दारालाही तेच म्हणतात.

हवालदारांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माशांपाशी ते थोडे थांबले. मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.

लायसन परत मिळणार की नाही, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत लेखी कळवावे.