इंदूला पडदे देऊ नका

माजं माहेर बेडश्याचं, लेण्यांच्या खालचं गाव, आन दिलं हितं लोणावळ्यापाशी औंढ्याला, म्हंजी एका डोंगराखालनं उचलली आन दुसऱ्या डोंगराखाली आनून ठेवली. बा भात करायचा, सासराबी भातच करायचा, त्यात येगळं काय सांगू तुमाला. आयबरूबर वढ्यावर धुनं धुतच मोटी झाले, पन त्ये घरचं धुनं, लोकाचं मागनं आलं. पडदा म्हनून काय असतंय ते मला लगीन हुईस्तवर ठावं नव्हतं. आमच्या न्हानीला पोत्याचं तरट लावल्यालं असायचं, त्योच आमचा पडदा. हसू नका ताई, खरंच सांगते.

आमचे मालक टेकडीवरच्या सोसायटीत माळीकाम करायचे, तितल्या एका मॅडमनी त्यांना इचारलं की पडदे धुवायला कुनी बाई हाय का. मी गेले. पयल्यांदा बगितलं त्ये घर, त्ये अजून डोळ्यांपुढं हाय. एक भितच्या भित काचेची, का तर समोरचा डोंगर दिसावा म्हनून, आन त्या काचेवर ह्या टोकापासनं त्या टोकापतूर पडदा, का तर डोंगर दिसू नये म्हनून. मी मनात म्हनलं असंल बाई मोट्या लोकांचं. खालपतूर लोळनारे जड पडदे, आतनं अस्तर, आन त्याच्याबी आत पांढरा जाळीचा पडदा, कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ. धुवायचं सोडा, हात लावायची भीती वाटायची.

आता तुमी म्हनाल, येवड्या बंद घरातले पडदे मळत्यात कशानं. तर त्ये मळत न्हाईत, सडत्यात. मॅडम मुंबईला, हितं येनार शनवार-रईवारचं, मदी घर बंद, आन आमच्याकडचं धुकं म्हंजी फोटो काडायला लय झ्याक, पन त्ये फटीतनं घरात शिरतं, कापडात मुक्काम करतं. वर काळी बुरशी धरती, बारीक बारीक, तीळ उधळल्यासारखी. ती घासून निगत न्हाई, घासली की कापड जातंय. मी काय करायची, आदी हुक काडायची, एकेका खोलीचे हुक येगयेगळ्या फडक्यात बांदून ठेवायची, न्हाईतर मागनं खोलीचा मेळ लागत न्हाई. मंग रिठ्याच्या पान्यात भिजत घालायचे, आन पिळायचं न्हाई. मी एका टोकाला, माजी जाऊ दुसऱ्या टोकाला, निस्तं धरून उबं ऱ्हायचं, पानी आपलं आपून गळून जातंय. जाऊ म्हनायची, सासूला कवा येवडं सांबाळून धरलं नव्हतं गं, येवडं ह्या पडद्याला धरावं लागतंय. आमी दोगी हसून हसून वल्या व्हायचो.

एका पडद्याचे साठ रुपय घ्यायची. कमी व्हते का जास्ती मला ठाव न्हाई, त्यांनी म्हनलं आन मी व्हय म्हनलं. मॅडमबी चांगल्या व्हत्या, मी वाईट सांगनार न्हाई. इंदू, तुझ्यासारखं पुण्यातसुद्धा कुणी धुवत नाही, असं म्हनायच्या, चार लोकांना सांगायच्या. त्यांच्यामुळंच बाकीचे बंगले मिळाले मला. आक्की सोसायटी माज्याकडं धुवायची म्हना ना. वॉचमन गेटावर सलाम ठोकायचा, काय इंदूमावशी, आज कुनाची खिडकी उगडी पाडली. मॅडमच्याच तोंडानं काम आलं आन त्यांच्याच तोंडानं गेलं, येवडंच.

कसं गेलं त्ये सांगते. आखाड व्हता, पाऊस असा की समोरचं मानूस दिसंना. बिस्तरवारी मॅडमचा फोन आला, इंदू, शनिवारी पाहुणे आहेत, हॉलचे सगळे पडदे खराब झालेत, धुऊन पाहिजेत. मी म्हनलं मॅडम, ह्या पावसात रुमाल वाळत न्हाई, पडदा कुटनं वाळनार, उगड पडू द्या. त्या म्हनल्या, तुला जमतं गं, कर काहीतरी. आता कर काहीतरी म्हनल्यावर मी काय करनार? आमी पावसाळ्यात जे करतो तेच केलं. आमच्याकडं कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं असतंय बगा, त्ये पालतं घालायचं, खाली घमेल्यात इंगळ ठेवायचे, आन वर कापड पसरायचं. लेकराचं दुपटं तसंच वाळतं, शाळंचा ड्रेस तसाच वाळतो, देवाचं वस्त्र तसंच वाळतं. शेजारपाजारची समदी डालगी गोळा केली मी, शुक्रवारचा आक्का दिस बसून एकेक पडदा फिरवला, भाजू दिला न्हाई, डाग पडू दिला न्हाई, इस्त्री केली, शनवारी सकाळी नेऊन लावला. मॅडमनी गळ्यात हात टाकला माज्या. जादूगार आहेस तू, म्हनल्या.

संद्याकाळी पावने आले. फुडचं मला वॉचमननं सांगितलं, त्यो आत सामान ठेवायला गेलता. पावने सोफ्यावर बसले आन एक जन म्हनला, कुठे काही जळतंय का. झालं. गॅस बगितला, बंद. मंग म्हनले वायर जळतीय. लाईट घालवली, मेनबत्त्या लावल्या, गावातनं इलेक्ट्रिशन बोलावला पावसातनं, त्येनं समदे बोर्ड खोलले, काय सापडंना. शेवटी एक पावनी बाई खिडकीपाशी गेली, पडदा नाकाला लावला, आन म्हनली, शी, हा धूर इथून येतोय.

आता खरं सांगू का ताई, आमाला त्यो वास येतच न्हाई. पावसाळ्यात आमच्या समद्यांच्या अंगाला त्योच वास, पोरांच्या दप्तराला, गोधडीला, पिठाच्या डब्याला. ज्या कापडाला धुराचा वास न्हाई त्ये कापड वलं, असं आमचं. मी पडदा घडी करताना नाकाला लावून बगितलाच व्हता, वलसर वास येतोय का म्हनून. न्हाई आला. म्हनलं झालं, वाळला. माज्या नाकाला जे वाळल्यालं, त्ये त्यांच्या नाकाला घान.

मी दुसऱ्या दिशी गेले. म्हनलं मॅडम, पुन्ना धुते, पैका नको, निस्तं चार दिस उगड पडू द्या. त्या दारातच उब्या, म्हनल्या, राहू दे, आता हात लावू नकोस. बरं म्हनलं, राग आलाय, उतरंल. पन सोमवारी दुसऱ्या बंगल्याचा फोन आला, मावशी, आमचे पडदे नको नेऊ. मंगळवारी आनखी एकाचा. मला काय उमगंना. मंग वॉचमन म्हनला, मावशी, सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव आलंय. मी म्हनलं वाच. त्यो वाचंना. मी म्हनलं वाच बाबा, माजंच नाव हाय न्हवं. मॅडमनीच लिवल्यालं, इंग्रजीत व्हतं, त्येनं मराठीत सांगितलं. इंदूला पडदे देऊ नका. घाणेरडी आहे. कुठल्या घाणीत वाळवते देव जाणे.

पडदे बिगडले लिवलं असतं तर मी सोसलं असतं. धुराचा वास येतो लिवलं असतं तरी खरंच व्हतं त्ये. घाणेरडी? जलमभर दुसऱ्याची घान काडली हातानं, आन घाणेरडी मी? शेनानं सारवल्यालं माजं घर, तुमी बसलाय न्हवं आता हितं, बगा जरा चौफेर. आन ह्यांच्या पडद्यामागं मेल्याल्या पाली मी उचलल्यात, कुनाला बोलले न्हाई कदी.

समदं काम गेलं. जाऊ म्हनायची, काय जादूगारीन, आता मंतर मार की. दोन वर्सं चिक्कीच्या कारखान्यात वड्या भरल्या डब्यात, बसून बसून कंबर गेली. मालक कायच बोलायचे न्हाईत. त्यांची माळ्याची नोकरी तितंच, त्यांनी तरी काय बोलायचं.

मंग सुदुंबऱ्याचा दत्ताभाऊ आला एक दिस. त्यो पडदे धुवायच्या कंपनीत सुपरवायझर, कंपनी पुन्याची, मशीन तिकडं, आन लोणावळ्यातनं गाडी भरून पडदे न्यायची. म्हनला, मावशी, बाईमानूस पायजे, बेडरूममधी गडी नको म्हनत्यात लोक, आन शिडीवर चढनारी, हुक काडनारी बाई मला गावंना. निस्तं काडायचं आन लावायचं, धुवायचं आमी. म्हनलं येते. त्येनं टीशर्ट दिला, लुगड्यावर घालायचा. आन गाडीतनं उतरायच्या आदी एक सेंटाचा फवारा काडला, म्हनला, वाईच हात वर करा मावशी. मी म्हनलं, आरं मी काय झुरळ हाय का. त्यो हसला, पन मारलाच त्येनं फवारा. म्हनला, माज्या अंगावरबी मारतो मी, कंपनीचा नियम हाय. त्यो मारताना मी अजून बगितला न्हाई.

आन पयलंच घर कुनाचं, तर त्यांचंच. मॅडमनी वळखलं, अरे, इंदू तू! हसल्या. म्हनल्या, बघ, आता शिकलीस की नाही प्रोफेशनल काम. पूर्वी अंगनातल्या नळाला वंजळ लावून पानी प्यायचे मी, आता कंपनीची बाई म्हनून बाटली दिली, सील असल्याली. पडदे पुन्याहून आले ते पलाष्टिकात, फुलांचा वास मारल्याले. लावले, तर खालनं चार बोटं वर. गरम पान्यानं अस्तर आटलं व्हतं. दत्ताभाऊ माज्याकडं बगतोय, मी त्याच्याकडं. मॅडम म्हनल्या, बरंच झालं, जमिनीला टेकत नाहीत आता, असेच असतात हल्ली. मी शिडीवरनं म्हनलं, व्हय मॅडम. मी चार बोटं आटवले असते तर ग्रुपवर काय आलं असतं, त्ये शिडीवर उब्या उब्या मनात वाचून घेतलं.

गाडीत बसल्यावर दत्ताभाऊला इचारलं, एका पडद्याचं किती घेता रं. त्यो म्हनला साडेपाचशे, अस्तराचा असंल तर जास्ती. तेवड्यात मी नऊ पडदे धुतले असते.

आता ह्या वर्सी उनाळ्यात त्यांचा फोन आला, पयल्यासारखा, गोड. इंदू, कशी आहेस, घरी सगळे बरे ना. मंग हळूच म्हनल्या, अगं लूट आहे नुसती त्या कंपनीची, एका वेळेला खिसा साफ होतो आमचा. तू कर ना बाहेरच्या बाहेर. आता उन्हाळाच आहे, उन्हात वाळव छान. मी तुला तिप्पट देईन. ताई, खोटं बोलत न्हाई, मला आनंद झाला. जीव नुसता वर आला माजा. तिप्पट तर तिप्पट, पन माजं काम, माजं रिठं, माज्या दारात पडदे. मी म्हनलं, करते मॅडम. फकस्त एक करा, ग्रुपवर लिवलंय न्हवं तुमी, तितंच लिवा की इंदू साफ काम करती. येवडी एकच वळ.

मंग म्हनल्या, अगं किती जुनं ते, कोण लक्षात ठेवतंय. मी म्हनलं, ज्यांनी काम बंद केलं त्यांनी अजून चालू केलं न्हाई मॅडम, म्हंजी त्यांच्या ध्यानात हाय. त्या म्हनल्या, आणि आता लिहिलं तर मलाच विचारतील ना सगळे, तेव्हा तसं का लिहिलं होतंस म्हणून. मी म्हनलं, इचारू द्या की. मला कुनी इचारलंबी न्हाई. तवा त्यांचा आवाज बदलला. हे बघ इंदू, काम हवं असेल तर कर, अटी घालू नकोस.

मी म्हनलं, मंग न्हाई जमायचं. आन फोन ठिवला.

जाऊ म्हनली, येडी झालीस का, नाव काय चाटायचंय, तिप्पट म्हनत व्हती ती बया. मालक पयल्यांदाच बोलले, म्हनले, बरं केलंस. येवडंच बोलले आन पानी द्यायला निगून गेले, त्यांच्याच बागंला.

मॅडम अजून कंपनीलाच पडदे देत्यात. तेवडे पैसे दर वक्ताला मोजत्यात, शिव्या घालत घालत मोजत्यात, पन मोजत्यात. एक वळ फुकट व्हती, ती त्यांना म्हाग पडली. परवा दसऱ्याच्या आदी लावून आले मी. मी हॉलमधी असले की त्या आतल्या खोलीत जात्यात, दार लोटून घेत्यात. मी शिडी लावते, हुक अडकवते, चुन्या सारख्या करते, खाली उतरून एकदा लांबनं बगते, सवय हाय म्हनून, आन निगते.

असू दे. त्यांचं घर भरल्यालं ऱ्हावं, पावने येत ऱ्हावेत, माजं काय म्हननं न्हाई. वॉचमन सांगतो, मावशी, ग्रुपवरचं त्ये आता लय वर गेलंय, रोज नवं येतंय, कुनाला दिसत न्हाई. मी त्याला इचारलं, पुसलंय का. त्यो म्हनला, न्हाई, पुसलं न्हाई.