आंदणाची गाडी

आप्पासाहेब : न्हाई, आधी माझं ऐकून घे, चांगुने! पाथर्डीला गेलो, तर तळावर एक म्हातारी म्हनती, तंबूवालं नगरला गेलं. दोन दिस गाडी हाकून नगर गाठलं, तर तिथं म्हनत्यात, परवाच हाललं, मिरजगावला. आन माझी गाडी काय रिकामी हाय? पलंग हाय, हंडा हाय, पेटी हाय, जातं हाय! सहा दिस झालं आज. वाटंत जो भेटंल त्यो इचारतोय, आंदन कुनाचं? म्हनलं, लेकीचं. लेक कुठं दिली? आता काय सांगू? हुडकतोय म्हनून सांगू?

चांगुणा : आप्पा, आधी बसा तरी. घामानं निथळताय.

आप्पासाहेब : कशावर बसू? तुझ्या घरात पाट हाय?

चांगुणा : घोंगडी टाकलीय की.

सूर्यभान : मामा, एक पत्र टाकलं असतंत तर मी नगरलाच थांबलो असतो तुमच्यासाठी.

आप्पासाहेब : कुठल्या पत्त्यावर टाकू, जावईबापू? तुमचा पत्ता दर पंधरा दिसाला बदलतोय. टपालवाल्याला काय माझ्यासारखी बैलगाडी दिलीय सरकारनं?

चांगुणा : आई कशी हाय?

आप्पासाहेब : बरी हाय. आन बरी न्हाई. दोन वर्सं झाली तुझ्या लग्नाला. तवा लढाई चाललेली, पितळ मिळंना, म्हनून आंदन ऱ्हायलं. छबूबाईनं, तुझ्या आईनं, दोन वर्सं त्येचा घोर घेतला. आता कुठं तांबटानं हंडा-कळशी घडवून दिली. लोखंडी पेटी आनली, सुताराकडनं बाभळीचा पलंग केला. म्हनली, लेकीच्या दारात नीट उतरवून या, कुठं काय मांडलं ते बघून या. आन मी हितं बघतोय, तर दारच न्हाई!

चांगुणा : आप्पा, दार म्हंजी गोनपाट. वर उचलायचं आन आत यायचं.

आप्पासाहेब : हसू नगंस.

चांगुणा : न्हाई हसत.

आप्पासाहेब : त्यो गहिनीनाथ मध्यस्थ, त्येनं सांगितलं, पोरगा इंजनावर हाय. मला वाटलं आगगाडी. मी गावभर सांगितलं, जावई आगगाडीवर हाय. लग्नाच्या मांडवात कळतंय की हे इंजन सिनेमाचं. गावोगाव तंबू ठोकायचा, धुराच्या इंजनावर दिवा पेटवायचा आन पडद्यावर मानसं नाचवायची. तवा बी मी गप बसलो, आं? गप बसलो का न्हाई?

सूर्यभान : बसलात, मामा.

आप्पासाहेब : आता बसायचा न्हाई. माझ्या पाव्हन्यानं शेवगावात पिठाची गिरनी घातलीय. तेलाचं इंजन हाय. चालवायला जानता मानूस पायजे. मागल्या बाजूला दोन खोल्या, वर कौलं, परसात आड. मी शब्द देऊन आलोय. माझा जावई येतोय म्हनून. जावईबापू, तुमी उद्या मालकाला सांगा, आन चला. आंदन गाडीतनं उतरायचंच न्हाई, थेट शेवगावात उतरंल.

सूर्यभान : मामा, मी काय म्हणतो...

आप्पासाहेब : तुमी काय म्हननार मला ठावं हाय. मोकळं हिंडायची चटक लागलीय तुमाला. मानूस एकटा आसंल तर हिंडावं त्येनं, कोन अडवतंय? पन बायकू केली तर तिला चार भिंती नगं? माझी लेक बाजारतळावर चूल मांडती आन तुमाला त्येचं काहीच वाटत न्हाई?

सूर्यभान : वाटतं, मामा. म्हणून तर मागच्या दिवाळीला मी नगरात नोकरी बघून आलो होतो. तेलाच्या घाण्यावर, इंजिनवालाच पाहिजे होता त्यांना. खोलीही देत होते. बारा वर्षं मी हिंडतोय. माझे पाय आता बसायला मागतात.

आप्पासाहेब : मंग? घोडं कुठं अडलं?

सूर्यभान : हिला विचारा.

आप्पासाहेब : कुनाला?

सूर्यभान : तुमच्या लेकीला. हीच नाही म्हणाली.

आप्पासाहेब : चांगुने?

चांगुणा : व्हय.

आप्पासाहेब : काय व्हय?

चांगुणा : मीच न्हाई म्हनले. ह्येंना उगं बोलू नगा तुमी. ह्येंनी मला चारदा इचारलं, चारदा मी न्हाई म्हनले.

आप्पासाहेब : आरं देवा. म्हंजी सहा दिस मी वाटंनं ज्येला शिव्या घालत आलो त्यो मानूस येगळाच!

सूर्यभान : शिव्या घातल्या?

आप्पासाहेब : मनात घातल्या. बैलांनी ऐकल्या असतील तेवढ्याच. तुमी मधी बोलू नगा जरा. हां, बोल गं. का? पोटाला मिळत न्हाई का माझ्या पाव्हन्याच्या गिरनीवर? का पितळंचा हंडा टोचतोय तुला?

चांगुणा : आप्पा, मी तुमच्या घरी सोळा वर्सं ऱ्हायले. त्या सोळा वर्सांत शेवगाव किती बारी बघितलं सांगा? दोन बारी. एकदा देवी टोचायला आन एकदा लग्नाच्या बांगड्या भरायला. चार कोसांवर हाय शेवगाव!

आप्पासाहेब : मंग काय झालं? तुझ्या आईनं तरी कुठं बघितलंय?

चांगुणा : तेच म्हनते मी.

आप्पासाहेब : काय तेच?

चांगुणा : न्हाई, काही न्हाई. ऐका. मागल्या पावसाळ्याआधी तंबू अकोल्याकडं गेल्ता. मालकाची लारी तिथं चिखलात रुतली आन आमी महिनाभर अडकलो. तिथं बायका पाठीवर इरली घेऊन पान्यात उभ्या ऱ्हात्यात आन भात लावत्यात. मी बी लावला, आप्पा. गुडघाभर पान्यात. मंग ह्येंनी मला भंडारदऱ्याचं धरन दावलं. येवढं पानी! नजर संपंल पन पानी संपंना. मी तिथं बसून रडले. आपल्याकडं उन्हाळ्यात एका घागरीवरनं बायका झिंज्या उपटत्यात आन हितं येवढं पानी नुसतं पडून हाय. आन आपल्या गावात कुनाला ठावं बी न्हाई.

आप्पासाहेब : बघितलंस न्हवं? डोळं भरून बघितलंस? मंग आता बस की!

चांगुणा : बसवंना. तंबू हालायच्या आदल्या दिशी माझ्या पोटात गुदगुल्या हुत्यात. फुडलं गाव कसं आसंल, तिथल्या बायका काय बोलत्याल. मी बायकांच्या बाजूच्या दारावर बसते, तिकिटं घेते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी माझ्यापाशी घोळका जमतो. कुनी सासूचं सांगती, कुनी लोनच्याचं. पारनेरच्या एकीनं मला भाकरी थापायची येगळीच तऱ्हा शिकवली. आपल्या थोरल्या गोजरअक्काकडं बघा, तिच्या सासरी. फळीवर छत्तीस भांडी. आठवडाभर चिंच लावून घासती, आन आठवडा संपला की पयल्यापासनं घासती. मागं भेटली तर मला म्हनली, तुझं बरं हाय गं. माझ्यापाशी चार भांडी, आन ती मला म्हनती तुझं बरं हाय!

आप्पासाहेब : गोजरला काय कळतंय? तिचं घर हाय. कुनी इचारलं तर गावाचं नाव सांगता येतंय मला. तुझं काय सांगू? जावईबापू, तुमी सांगा. काय सांगू?

सूर्यभान : मला तुम्ही मधे बोलू नका म्हणालात.

आप्पासाहेब : आता बोला!

सूर्यभान : मग खरं सांगतो. गिरणीचं काम मला उद्या चाललं असतं. पण मामा, ही पहिल्यांदा आली तेव्हा मी घाबरलो होतो. म्हटलं, आठ दिवसांत माहेरी पळेल. आणि ही तर तंबू उतरला की दोर गुंडाळायला पुढे. माझं बारा वर्षांचं कंटाळलेलं हिंडणं हिच्यामुळे मला गोड लागायला लागलं. मी तिला ओढून शेवगावला नेलं, तर ती येईल. पण सुखानं राहील का, ते तुम्ही सांगा.

आप्पासाहेब : दोघं बी सारखीच! डोस्कं फिरवलंत माझं.

चांगुणा : आप्पा, दिस कलायला लागला. सकाळधरनं काही खाल्लं न्हाई तुमी. शिदोरी बी संपली आसंल. हे घ्या. पिठलं-भाकरी हाय, लसनाची चटनी हाय. खा आन मंग भांडा.

आप्पासाहेब : उचल ते ताट.

चांगुणा : का? राग आलाय म्हनून?

आप्पासाहेब : रागाचा काय संबंध? तुला अजून मूल न्हाई, येडे. लेकीला मूल हुईतवर बाप अन्नाला शिवत न्हाई, तिच्या घरी...

चांगुणा : तिच्या काय, आप्पा?

आप्पासाहेब : काही न्हाई.

चांगुणा : घरी म्हनलात. म्हंजी हे घर हाय.

आप्पासाहेब : सवयीनं आलं तोंडातनं. हे घर न्हाई! फडकं हाय. चार बांबू आन त्येच्यावर फडकं!

चांगुणा : मंग खा की. बाजारतळावर फडक्याखाली बसून भाकरी खाल्ली तर कुनी बोट दावायचं न्हाई. एक घास खा. हे घर न्हाई असं तुमच्या हातानं ठरू द्या. तुमी घास घेतलात की मी गाडीत बसते. शेवगावच्या खोल्या, गिरनी, पलंग, समदं कबूल.

सूर्यभान : चांगुणा! काय बोलतेस?

चांगुणा : बोलू द्या मला. आन न्हाई खाल्लं, तर परत मला चला म्हनायचं न्हाई.

आप्पासाहेब : शब्द?

चांगुणा : तुमचीच लेक हाय. शब्द.

आप्पासाहेब : लई भूक लागलीय मला, चांगुने. इचार कर.

चांगुणा : केला. तुमी घास घेतला तर मला रडू यील, आप्पा. लई रडीन. पन यीन.

(आप्पासाहेब भाकरी मोडतात, तुकडा पिठल्यात बुडवतात आणि हात तिथंच थांबतो.)

सूर्यभान : मामा, घ्या. गरम आहे तोवर घ्या.

आप्पासाहेब : ही भुई कशानं सारवलीय?

चांगुणा : शेनानं. नव्या गावात उतरलं की आधी सारवते, मंग चूल मांडते.

आप्पासाहेब : दर गावाला?

चांगुणा : दर गावाला. तंबूच्या पाठीमागची येवढी जागा आपली. तुमी मघाशी आत आलात, तवा दाराशी दगड हाय त्यो बघितलात?

आप्पासाहेब : कसला दगड?

चांगुणा : आडवा ठेवलाय. त्येच्यावर पाय न्हाई दिलात तुमी. वलांडून आलात.

आप्पासाहेब : उंबऱ्यावर कोन पाय देतंय?

(आप्पासाहेब हातातला तुकडा ताटात परत ठेवतात.)

आप्पासाहेब : हं. उचल ते.

चांगुणा : आप्पा...

आप्पासाहेब : उचल म्हनतोय न्हवं! हातच उचलंना माझा. गोजरच्या दारात सा वर्सं उभा ऱ्हायलो, तिला मूल न्हवतं तवर. तिच्या गावचं पानी बी न्हाई घेतलं. तहान लागली की शीव वलांडून फुडल्या गावच्या विहिरीवर जायचो. ती दारात रडायची, पन मी न्हाई प्यायलो. आन आता तुझ्या इथं गपकन खाऊ? तुला गोजरपेक्षा कमी लेखू? न्हाई जमायचं मला. रडू नगं. जिकलीस तू. उगं रडू नगं.

चांगुणा : तुमी उपाशी हाय म्हनून रडते.

आप्पासाहेब : मरत न्हाई मी. पन आता त्या पाव्हन्याला काय सांगू? आन आंदनाचं काय करू?

चांगुणा : कळशी ठेवा. आईनं घडवून घेतलीय, ती मी रोज वापरीन. हंडा लारीत मावायचा न्हाई. पलंग न्हाईच न्हाई.

आप्पासाहेब : सहा दिस वढत आनलेला पलंग आता सहा दिस परत वढू?

चांगुणा : अक्काला द्या जाताना.

आप्पासाहेब : आन ती जात्याला बी न्हाई म्हनली तर? चांगुने, जातं किती जड आसतंय ठावं हाय का तुला? बैलांनी माझ्याकडं बघायचं सोडलंय!

सूर्यभान : मामा, बैलांना मी पाणी पाजतो. त्यांना तरी चालेल ना?

आप्पासाहेब : त्यांना काय, पाजा. त्यांची लेक न्हाई दिलेली हितं.

सूर्यभान : तुम्हीही पाण्याचा एक घोट घ्या. तळावरच्या विहिरीचं आहे. आमचं नाही, गावचं आहे.

आप्पासाहेब : म्हंजी मघाधरनं मी काय सांगतोय? लेकीच्या गावचं पानी पीत न्हाईत. मिरजगावची शीव वलांडली की बघीन कुठंतरी. हितनं फुडं कुठं जायचं तुमी?

सूर्यभान : पंधरा दिवसांनी श्रीगोंदा. मग पारनेर. दिवाळीपर्यंत संगमनेर, आणि वाट बरी असली तर परत अकोले.

आप्पासाहेब : श्रीगोंदा. पारनेर. संगमनेर. आन अकोले बी?

चांगुणा : आन वाटंत राहुरी, आप्पा.

आप्पासाहेब : लवकर नातवंड दे, बाई. न्हाईतर ह्या जिल्ह्यात मला पानी प्यायला गाव उरायचं न्हाई.