जाऊबाईंकडे जाणारा फाटा

सकाळी साडेदहाला टेलिफोन कचेरीच्या खिडकीवर एका बाईंचा ब्रॉडबँडचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला. त्यांच्यामागे आम्ही चौघं रांगेत होतो. खिडकीत लाइनमन स्वतः बसले होते.

"काल तपासलं ताई. तुमच्या तारेला फाटा आहे, तो शेजारच्या घरात जातो. त्यात सिग्नल वाया जातो, म्हणून नेट टिकत नाही."

"ते थोरल्या जाऊबाईंचं घर. वाटण्या झाल्या तेव्हा लाइन आमच्याकडे आली आणि त्यांच्याकडचा फोन तसाच राहिला. वाजला की दोन्हीकडे वाजतो."

"मग फाटा तोडू. दहा मिनिटांचं काम. त्यांना सांगून ठेवा."

"नऊ वर्षं बोलणं नाही आमचं."

"मग अडलंय कुठं? फुकट तुमचं बोलणं ऐकत असतील त्या."

"ऐकतातच. गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, मी डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवते तोवर जाऊबाई दारात गाडी घेऊन उभ्या. तेव्हाही तोंडातून शब्द नाही."

"आणि नेट कशासाठी?"

"लेकीला घरून करायची नोकरी लागलीय. सोमवारपर्यंत नेट आलं नाही, तर दुसरीला घेणार."

"फाटा आणि नेट दोन्ही नाही जमायचं, ताई."

"कळतंय हो. तुमच्या फोनवरून एक नंबर लावू?"

"लावा. कुणाला?"

"घरीच. आत्ता आमच्याकडे कुणी नाहीये."

त्यांनी नंबर फिरवला.

"उचलला का?"

"उचललाय, जाऊबाईंनीच."

"मग बोला की."

अकराला खिडकी चहासाठी बंद झाली, तेव्हा रिसीव्हर बाईंच्या कानाशीच होता.