बबलूच्या गाडीतली पुढची सीट

हसा लेको, पण तुमच्या बायकोसाठी कोणी रोज खिडकीची सीट राखून ठेवली असती, तर तुमचाही चहा घशाखाली उतरला नसता.

कापसानं दगा दिला त्या साली मी मोटरसायकल विकली. माही बायको सुनंदा दारव्ह्याले शिलाईच्या दुकानात जाऊ लागली, फाट्यावरून बबलूच्या सवाऱ्या नेणाऱ्या काळीपिवळी जीपनं. पुढची सीट तिचीच. वरून बबलू आपल्या दुपट्ट्यानं ती सीट पुसून द्याचा! पाहून माह्या अंगाची नुसती आग व्हायची.

एक दिवस मी तिच्या आधीच जाऊन त्या सीटवर बसलो. फाट्यावर आजूबाजूच्या गावच्या बाया उभ्या होत्या, पण एकही चढेना.

बबलू हात जोडून म्हणे, "भाऊ, मागं बसा ना."

"काहून? पुढं सुनंदाच पाह्यजे काय तुले?"

"वहिनी पुढं दिसल्या का बाया बिनघोर बसतात, भाऊ. तुमाले पाहून त्या एसटीची वाट पाहून राह्यल्या."

तेवढ्यात सुनंदा आली. मी उतरून मागं गेलो, ती पुढं बसली. तरी बाया माह्या मिशांकडं पाहून घुटमळतच होत्या. सुनंदानं वळून मले वरपासून खालपर्यंत न्याहाळलं अन् बायायले म्हणाली,

"बसा वं बिनधास्त, काही करत नाहीत ते. ओळखीचे हायेत माह्या."