खुलासा आला नाही

श्रिया : …आणि म्हणून मला वाटलं, सोमवारी प्रबंध जमा करायच्या आधी घरच्यांना एकदा समोर बसून सांगावं. नंतर कुठून तरी कळलं असतं तर वाईट वाटलं असतं तुम्हाला.

गोपीनाथ : थांब पोरी, जरा हळू. मी खोपटच्या डेपोत चौतीस वर्षं एस.टी.च्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस. तू डोंबिवलीहून आलीस, कोपरला राहतेस, कॉलेजच्या लायब्ररीत आहेस, इथपर्यंत कळलं. पुढे माझी गाडी घाटात अडकली.

श्रिया : सॉरी काका. समाजशास्त्राचं एक त्रैमासिक होतं ना, इथलंच, ठाण्यातलं. इकडची माणसं नि तिकडची माणसं यांची तुलना करणारे लेख यायचे त्यात. चाळीस वर्षं चाललं आणि बंद पडलं. मी त्याच्यावर पीएच.डी. करतेय. म्हणजे कोणत्या वर्षी कोणते विषय जास्त आले, कोण लिहायचं, आणि त्या लेखांचा पुढे कुणी उल्लेख केला. एकेका लेखाचे उल्लेख मोजलेत मी. चार वर्षं हेच करतेय. आई म्हणते, दुसऱ्यांनी लिहिलेलं मोजण्यात डोळे घालवलेस.

गोपीनाथ : आणि त्यात आमच्या रचनाचा लेख सापडला.

श्रिया : सापडला, पण… काका, तो नको त्या तक्त्यात आहे. तक्ता सात. मागे घेतलेले लेख. चाळीस वर्षांत असा एकच लेख आहे. सौ. रचना गोपीनाथ साटम, कोपरी, ठाणे पूर्व. एकोणीसशे एकोणनव्वद. कारण…

गोपीनाथ : बोल. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता ऐकायला मी एकटाच आहे.

श्रिया : कारण, दुसऱ्या लेखिकेचे उतारे नाव न देता वापरले.

गोपीनाथ : दुसऱ्या कोणाचे?

श्रिया : मालन घाडी म्हणून होत्या. आणि काका, तीच तर माझी हिरॉइन आहे! एकोणीसशे ब्याऐंशीचा लेख. खाडीकाठच्या मिठागरातल्या बायका आणि गिरणीतल्या बायका, दोघींच्या ओव्या शेजारी-शेजारी ठेवल्यात. सासरी गेलेली बाई स्वतःला कोणत्या नावानं हाक मारते, एवढंच बघितलंय तिनं. त्या अख्ख्या त्रैमासिकात सगळ्यात जास्त उल्लेख त्या लेखाचे आहेत. एकसष्ट! दुसऱ्या नंबरवाला एकोणिसावर आहे. जपानमध्ये कुणी केलाय, केनियातल्या एका बाईनं केलाय, बांगलादेशात तर चौघांनी. आणि एवढा एक लेख लिहून ही बाई गायब. कुठे काही पत्ता नाही. मी प्रबंधात लिहिलंय, बहुधा संशोधन सोडले असावे.

गोपीनाथ : एकसष्ट.

श्रिया : हो.

गोपीनाथ : म्हणजे एकसष्ट जणांनी तिचं नाव घेतलं? मालन म्हणून?

श्रिया : नाव घेतल्याशिवाय उल्लेख होतच नाही ना, काका.

गोपीनाथ : घरात कुणी घेत नव्हतं.

श्रिया : कुणाच्या घरात?

गोपीनाथ : याच घरात. तू बसलीस त्याच खुर्चीत बसून मुलांच्या शिकवण्या घ्यायची. मालन बाळकृष्ण घाडी. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात लग्न झालं आमचं. ताटात तांदूळ पसरले, मी अंगठीनं त्यात लिहिलं, रचना. मला हौस. आमच्या ऑफिसात त्या वेळी असली नावं नवीन होती. तिला ताट दाखवलं तर म्हणाली, अक्षर छान आहे तुमचं.

श्रिया : काका, म्हणजे त्या दोघी…

गोपीनाथ : दोघी कुठल्या? एकच होती.

श्रिया : अरे देवा. म्हणजे मी चोरी म्हणून जे लिहिलंय, ते तिनं स्वतःचंच…

गोपीनाथ : स्वतःचंच. जात्यावर काल म्हटलेली ओवी आज पुन्हा म्हटली तर ती चोरी होते का, असं म्हणाली होती मला. आपल्याच लेखाचा हवाला आपण कशाला द्यायचा, असं वाटलं तिला. भोळी होती त्या बाबतीत. आणि लेख रचना साटम नावानं द्यायचा, हा माझा हट्ट. डेपोत अंक नेऊन दाखवायचा होता मला.

श्रिया : मग हे तर… काका, सोपं आहे! दोन्ही नावं एकत्र करायची, तक्ता सात रिकामा. माझ्या गाइडना लग्नपत्रिका चालेल, तिच्या मॅट्रिकचं सर्टिफिकेट चालेल. पण एक सांगा, तेव्हाच का नाही कळवलं त्यांना? एक महिना दिला होता की खुलाशाला.

गोपीनाथ : कसला महिना? काही आलं नव्हतं. पुढच्या अंकात एकदम छापलं. चौकटीत. लेख मागे घेण्यात येत आहे.

श्रिया : तिनं ते वाचलं?

गोपीनाथ : इथेच, उभ्या-उभ्या. मग अंक मिटला आणि भात टाकायला गेली. मी म्हटलं, त्यांना लिही. म्हणाली, ज्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, त्यांना मी कशाला सांगू मी कोण ते? त्यानंतर कागदाला हात लावला नाही तिनं.

अमृता : कुणाची चप्पल आहे बाहेर? बाबा, दार उघडंच ठेवलंय तुम्ही. ही कोण?

गोपीनाथ : ये. ही श्रिया. आईच्या लेखासाठी आलीय. पोरी, ही माझी मुलगी, अमृता. कल्याणला असते. शनिवारी येते माझी गोळ्यांची डबी भरायला.

अमृता : आईच्या कुठल्या लेखासाठी? तो चोरीवाला?

श्रिया : ताई, ती चोरी नव्हती.

अमृता : मला सांगू नका. मला माहितीय. शाळेत निबंधस्पर्धेला चार ओळी सांग म्हटलं, तर आई म्हणायची, माझं नको घेऊस बाई, माझं लिहिलेलं चोरीचं ठरतं. हसत म्हणायची. मी दहावीत होते तेव्हा कळलं, ते हसणं नव्हतं. मामा कधी आला आणि मालूताई म्हणून हाक मारली, की तिचा चेहरा असा… दिवा लागल्यासारखा व्हायचा. तेवढा वेळच. कोण होते ते लोक? न विचारता, न सवरता एका बाईला चोर ठरवतात?

श्रिया : ताई, विचारलं होतं पण. त्रैमासिकाच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे. खुलासा मागवला, खुलासा आला नाही.

गोपीनाथ : नोंदीला काय, कुणी काहीही करतं. डेपोत आम्ही न सुटलेली गाडीसुद्धा सुटली म्हणून लिहायचो.

श्रिया : नाही काका, रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं. पत्राची प्रत वाळवीनं खाल्ली, पण पोचपावती आहे फायलीत. मी फोटो काढलेला. थांबा… हा बघा. कोणीतरी सही करून घेतलंय.

अमृता : बघू.

गोपीनाथ : अमृता, चष्मा लावून बघ, त्या जुन्या कागदांवर काय दिसतंय…

अमृता : मला दिसतंय. हा 'सा' दिसतोय, बाबा. पोटात गाठ असलेला. दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर हाच होता.

श्रिया : मी… मी जरा बाहेर थांबते.

अमृता : तू बस. चार वर्षं मोजलंस ना, आता हेही ऐक. बाबा?

गोपीनाथ : पाणी दे जरा.

अमृता : देते. आधी बोला.

गोपीनाथ : माझी सेकंड शिफ्ट होती. निघता-निघता पोस्टमन जिन्यात भेटला. ही आत तुला न्हाऊ घालत होती. मी सही केली, पत्र खिशात टाकलं. डेपोत वाचलं. म्हटलं, रात्री देऊ. रात्री ती दमलेली होती. म्हटलं, रविवारी देऊ.

अमृता : आणि रविवार आला नाही.

गोपीनाथ : आले. पाच रविवार आले त्या महिन्यात.

अमृता : का, बाबा? भांडण होतं तुमचं? आजी काही बोलली होती?

गोपीनाथ : नाही गं. आजीला काय कळत होतं त्यातलं.

अमृता : मग?

गोपीनाथ : तिला ते पत्र दिलं असतं, तर तिनं उलट टपाली कळवलं असतं, मीच मालन घाडी. आणि मग पुढचा लेख घाडी म्हणूनच लिहिला असता. त्याच्या पुढचाही. मला वाटलं, मी लिहिलेलं नाव ती तांदळासारखं भांड्यात परत ओतून टाकेल. एवढंच. याच्याहून मोठं काही कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

अमृता : आणि छापून आल्यावर?

गोपीनाथ : तेव्हा सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, महिनाभर कुठे होतं. तुला माहितीय, ती कशी बघायची. ओरडायची नाही. नुसती बघायची.

अमृता : पत्र फाडलंत?

गोपीनाथ : नाही. आहे. माझ्या पेन्शनच्या पिशवीत आहे.

(बराच वेळ आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजत राहतं.)

गोपीनाथ : हे घे. तूच वाच. मला पाठ आहे.

अमृता : ही वाचेल.

श्रिया : "सप्रेम नमस्कार. आपल्या लेखातील तीन उतारे मालन घाडी यांच्या १९८२ मधील लेखाशी शब्दशः जुळतात, असे एका वाचकाने कळवले आहे. नियमानुसार एका महिन्यात आपला खुलासा अपेक्षित आहे. तथापि…" इथे घडी पडलीय. "तथापि, दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचताना मला एकाच बाईचा आवाज ऐकू आला. लग्नानंतर आपल्याकडे मुलींची नावे बदलतात, हे मी जाणतो. आपणच त्या असाल, तर पोस्टकार्डावर एक ओळ पुरे. मी वाट पाहतो. पहिल्या लेखातील ही ओवी मला आजही सोडत नाही…" वाचू?

अमृता : वाच.

श्रिया : "माझ्या माहेराचं नाव, ठेवलं मी खाडीपाशी,
भरती येते नि जाते, कुणी नेलं पुसू कशी."

अमृता : त्यांना कळलं होतं. बाबा, त्या माणसाला कळलं होतं! त्यानं तिला ओळखलं होतं.

गोपीनाथ : हो.

अमृता : आणि ती म्हणत राहिली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मरेपर्यंत तेच म्हणत राहिली.

गोपीनाथ : हो.

अमृता : हो काय! एक ओळ, बाबा. तिनं नाही तर तुम्ही टाकायची होती. पोस्टकार्ड. चौतीस वर्षं तुम्ही सगळ्यांना वेळ सांगत होतात.

(गोपीनाथ उठून खुर्चीची पाठ धरतात.)

अमृता : बसा. खुर्ची धरून उभे राहू नका, पडाल. बसा म्हणते ना.

श्रिया : काका, ऐका. तुम्हाला यात यायची गरजच नाही. मी दोन्ही नावं एकत्र करते, लग्नपत्रिका जोडते. मागे घेतलेला लेख, कारण गैरसमज. झालं. पत्र कुणी घेतलं, कुणी नाही, हे प्रबंधात कुणी विचारत नाही. पोचपावतीचा फोटो मी डिलीट करते, आत्ता, तुमच्यासमोर.

गोपीनाथ : मग त्या रजिस्टरातल्या नोंदीचं काय? खुलासा आला नाही, ते?

श्रिया : ते तसंच राहील. त्याला आता काय करणार.

गोपीनाथ : म्हणजे तिला विचारलं आणि तिनं उत्तर दिलं नाही, असंच राहणार. मगरूर होती, नाहीतर खरंच चोर होती. वाचणारा यातलंच एक धरणार.

श्रिया : …हो. तसं धरू शकतात.

गोपीनाथ : ते संपादक अजून हयात आहेत?

श्रिया : नाही काका. दोन हजार सहाला वारले. अंक तर त्याच्याही आधी बंद पडला.

गोपीनाथ : मग खुलासा द्यायचा कुणाला?

श्रिया : मला द्या. मी परिशिष्टात घालीन. पण तो कायमचा राहील, काका. तुमच्या नावानं. कुणीही उघडून वाचेल. नातवंडंसुद्धा.

गोपीनाथ : अमृता, कागद दे.

अमृता : विचार करा. डेपोतले कर्वे काका वाचतील, तिथली सगळी माणसं वाचतील.

गोपीनाथ : ज्यांना अंक दाखवायचा होता, तीच ना? वाचू देत. कागद दे गं.

अमृता : हा घ्या. पॅडवर ठेवून लिहा. आणि पाणी प्या आधी.

गोपीनाथ : पोरी, सुरुवात कशी करायची असते? मी फक्त उशिरा सुटलेल्या गाड्यांचे खुलासे लिहिलेत.

श्रिया : जसं झालं तसं लिहा. मी भाषेला हात लावणार नाही.

गोपीनाथ : … … झालं. मोठं नाही. अमृता, तू वाच. तिच्यासारखाच आवाज आहे तुझा.

अमृता : "रचना साटम आणि मालन घाडी ही एकच बाई. माझी पत्नी. लेख दोन्ही तिचेच. संपादकांचं पत्र मी सही करून घेतलं आणि तिला दिलं नाही, म्हणून खुलासा आला नाही. तिचा यात काही दोष नाही…" बाबा, खाली हे काय लिहिलंय? खोडलंय का?

गोपीनाथ : खोडलं नाही. अक्षर बिघडलं. वाच.

अमृता : "चौकट छापून आल्यावर ती म्हणायची, आता तरी ते विचारतील. वर्षभर रोज दुपारी पोस्टमन आला की ती दोन जिने उतरून खाली जायची. मी घरी असलो की गॅलरीतून बघायचो."