चिकटवलेलं सोळावं प्रकरण

आवाज खाली, अहो, आवाज खाली — ती आत आहे, त्या काचेच्या दारामागे, वाचायच्या खोलीत, आणि तुमच्या लेकीचे कान किती तिखट आहेत ते तुम्हाला माहीत नसेल तर मला माहीत आहे. भांडायचंय ना माझ्याशी? भांडा, पण हळू भांडा, ग्रंथालय आहे हे. आणि पुस्तक तिथे नका टेकवू, तिथली खळ अजून ओली आहे, द्या इकडे. हं. आता बोला. नाही, तुम्ही काय म्हणालात ते मी नीट ऐकलं — दप्तरात सापडलं, चाळलं, सोळावं प्रकरण वाचलं, त्यात आई जाते, आणि जिची स्वतःची आई इस्पितळात आहे अशा दहा वर्षांच्या पोरीच्या हातात असलं पुस्तक देणारी बाई डोक्यानं ठीक आहे का. असंच म्हणालात ना? साधारण असंच. बसा. ती खुर्ची लहान मुलांची आहे, पण बसा.

आता माझं ऐका. हे पुस्तक या कपाटात माझ्याआधीपासून आहे. एक शिवणकाम करणारी आई, तिच्या दोन मुली, खाली छापखाना आणि वर यांचं बिऱ्हाड — थोरली दादागिरी करते, धाकटी तिचे केस कात्रीनं कापून टाकते, मग दोघी मिळून आईसाठी केक करतात आणि तो जळतो — मुली हसून हसून लोळतात त्या प्रकरणाला, दरवर्षी नव्या मुली, त्याच पानाला. आणि मग सोळावं. अहो, मी इथे कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात मी ते प्रकरण चिकटवून टाकलं. हो, मी! या हातांनी. दहा पानं, कडांना खळ लावून, वर वजन ठेवून, रात्रभर. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. बावीस वर्षं झाली. दर दोन-तीन वर्षांनी कडा सुटतात, मी परत लावते. आणि सतराव्या प्रकरणात त्या मुली एकदम मामाच्या घरी दिसतात, तेव्हा येतात विचारायला — मावशी, आई कुठे गेली? मी सांगते, बाहेरगावी गेली, शिवणाचं मोठं काम मिळालं. चेहरा असा ठेवून सांगते. ओल आली होती गं कपाटात, पानं चिकटली, काय करणार! म्हणजे तुम्ही आज जे मला सांगायला आलात ना, ते मी तुमच्या लेकीचा जन्म व्हायच्या आधीपासून करतेय.

मग उघडलं कुणी? तेच तर.

तिनं उघडलं. चिडू नका. मीही चिडले होते आधी. मागच्या सोमवारी आली, पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, म्हणाली, मावशी, हे परत चिकटवून द्याल का? बघते तर दहाच्या दहा पानं सुटी. एक फाटलेलं नाही. मी म्हटलं, कसं केलंस? तर म्हणे मोरीत बसून ओल्या रुमालानं, एकेक कड, तीन दिवस. तीन दिवस तुमची लेक दुपारी मोरीत दार लावून बसत होती, तुमच्या लक्षात आलं? नसेल आलं. तुम्ही इस्पितळात होतात, मी दोष देत नाही — बरं, थोडा देते. आणि मी विचारलं, तुला कळलं कसं गं, आत काय आहे ते? तेव्हा तिनं पुस्तक उघडून सुरुवातीचं पान दाखवलं. अनुक्रमणिका. सोळा — आई गेली ती सकाळ. स्वच्छ छापलेलं. ठळक अक्षरात. बावीस वर्षं मी पानं चिकटवतेय, कडा तपासतेय, आणि अनुक्रमणिका चिकटवायचं माझ्या टाळक्यात कधी आलं नाही! हसा. मी नाही हसले. कारण ती पुढे म्हणाली — सगळ्यांना माहितीये मावशी, माझ्या आत्येबहिणीलाही माहीत होतं, ती आता कॉलेजात आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही. चिकटमावशी म्हणतात मला मागे. तेही त्याच दिवशी कळलं.

थांबा, उठू नका, मुद्दा पुढेच आहे. मी तिला म्हटलं, उघडलंस ना एवढ्या कष्टानं, मग परत का चिकटवायचं? तर काय म्हणाली असेल? — बाबा कधीकधी माझी पुस्तकं चाळतात. त्यांनी हे वाचलं तर त्यांना कळेल की मला कळलंय. अहो, कळलंय तिला. सगळं. परीक्षा संपली की आई घरी येणार, असं तुम्ही सांगता, ती हो म्हणते. इस्पितळात लहान मुलांना सोडत नाहीत, असं सांगता, ती हो म्हणते. तिच्या वर्गातली एक जण त्याच इस्पितळात आजोबांना बघून आली, चार ते सहा भेटायला सोडतात, आयाबाईनं बिस्किटसुद्धा दिलं तिला. हे तुमच्या लेकीनंच मला सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही खोटे पडाल म्हणून. किती दिवस झाले तिनं आईला बघून? बारा ना? ती मोजतेय. आणि डॉक्टर काय म्हणाले? नाही सांगायचं तर नका सांगू. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय. आठवडा? — त्याहून कमी. अगं बाई.

नाही, मला नाक खुपसायचा अधिकार नाही. बरोबर आहे. तुमचं घर, तुमची बायको, तुमची मुलगी. मी कोण, पुस्तकं चिकटवणारी. पण मला राग येतोय तुमचा, आणि तो गिळायचं माझं वय राहिलं नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही तिला जपताय. मलाही वाटायचं. मी म्हणते मुलींसाठी चिकटवलं — थापा आहेत. माझ्यासाठी चिकटवलं. मला ती पानं बघवत नाहीत, बस.

का म्हणजे — जाऊ दे.

मी दहाचीच होते. आई माझी अंथरुणाला खिळलेली, आणि मी तिला रोज शाळेतून आल्यावर वाचून दाखवायचे. हेच पुस्तक, आमच्या घरची प्रत. सोळावं आलं. मी मनातल्या मनात पुढचं पान वाचलं, आणि आई जाते ते कळलं. पण थांबले नाही. पुस्तक तसंच धरलं आणि मनचं वाचायला लागले — डॉक्टर आले, ताप उतरला, आई उठून बसली, म्हणाली मला चहा हवा. धडधडीत खोटं, न अडखळता, चांगली दहा पानं. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, छान वाचतेस गं. एवढंच. मला केवढा अभिमान वाटला माझा! वाचवलं मी आईला, असं वाटलं. पंधरा दिवसांनी ती गेली. मग कधीतरी, खूप नंतर, मी ते पुस्तक पहिल्यांदा नीट बघितलं, तर पुठ्ठ्याच्या आत तिचं नाव. तिचं, आईचं, माहेरचं नाव, इयत्ता पाचवी. पुस्तक तिचं होतं, लहानपणचं. आणि सोळाव्या प्रकरणात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ. कुठल्या, ते नाही सांगणार. तिला पाठ होतं हो ते सगळं! मी काय लपवतेय, का लपवतेय, पानापानाला तिला कळत होतं, आणि ती डोळे मिटून पडून राहिली, कारण मला वाईट वाटू नये. आणि मी बोलले नाही, कारण तिला वाईट वाटू नये. दोघी एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, पंधरा दिवस. एकदाही मी तिला म्हटलं नाही की तू जाणार आहेस का गं. तिलाही म्हणता आलं नाही की हो, ये इकडे. बावन्न वर्षं झाली. आजही दुपारी मधेच हात थांबतो माझा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुम्ही ओरडलात म्हणून असेल.

रुमाल नाही तुमच्याकडे? हा घ्या. स्वच्छ आहे, नुसता डागाळलाय. पुसा, ती काचेतून बघतेय. मघापासून बघतेय, पान एकदाही उलटलेलं नाही तिनं. — काय? परत चिकटवायला दिलं होतं, मग मी चिकटवलं का नाही? नाही चिकटवलं. सोमवारी तिच्यासमोर खळ कालवली, ब्रश बुडवला, आणि नाही झालं माझ्यानं. तसंच परत दिलं तिला, म्हटलं राहू दे गं, सापडलं तर सापडलं.  मग दप्तरात वरच ठेवलं तिनं, डब्याच्याही वर. तुम्हाला काय वाटलं, तुम्हाला ते आपोआप सापडलं?

साडेतीन झाले. चारला सोडतात. पोहोचाल. — काय सांगू तिला, हे मला विचारू नका. खरंच विचारू नका. ज्या खोलीत ते बोलायला हवं होतं तिथे मी थापा मारत बसले होते, मला काय माहीत काय म्हणायचं असतं! तुम्ही नुसतं म्हणा, चल, आईकडे. पुढचं ती बोलेल. नाही बोलली तर नाही बोलली, तिथे नेऊन उभी तर करा.

ती उठली बघा. दप्तर घेतलंय. जा आता, मला बंद करायचंय. नाही, वेळ झालेली नाही बंद करायची. तरी करायचंय. जा.