मागणीची कॉफी

अम्मानच्या बेकरीत, रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे बोलत होते.

“अबू रकान, लेकीला मागणी घालायला पाहुणे आले होते ना?”

“आले. कॉफी दिली. होकार मिळेपर्यंत कपाला कोणी हात लावत नाही, ठाऊकच आहे तुला.”

“मग?”

“तोवर ती गार होते आणि शेवटी मोरीत जाते. म्हणून मी आधीचाच चोथा वाळवून पुन्हा उकळला. वेलची वाढवली. रंग अगदी तसाच आला होता.”

“तू आणि तुझे प्रयोग! आणि होकार दिल्यावर?”

“मुलाच्या आजोबांनी कप रिकामा केला. ‘उत्तम’ म्हणाले.”

“मग सुटलास की!”

“काल त्यांच्याकडून डबा आला.”

“मिठाईचा?”

“ताज्या कॉफीचा. लेकीनंच उघडला; आता तिलाही कळलं.”